उजव्या मुठीतली सुपारी

माझा नवरा जपानमधल्या एका व्यावसायिक बेसबॉल संघाचा जनरल मॅनेजर आहे, असं पुण्यात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "म्हणजे नक्की काय करतो?" आणि दुसरा, "क्रिकेट का नाही?" दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पहिल्याचं आता तोंडपाठ झालंय: कुठला खेळाडू घ्यायचा, कुठला सोडायचा, कुणाची वाट किती वर्षं बघायची, हे तो ठरवतो. स्वतः खेळत नाही. त्याला चेंडू फेकताना मी आयुष्यात एकदाच पाहिलंय, उरायासुच्या समुद्रकाठच्या बागेत, आणि तो चेंडू बाकावर जेवत बसलेल्या एका आजोबांच्या डब्यात पडला होता. आजोबांनीच उठून माफी मागितली. जपान आहे हा.

नवऱ्याचं नाव नंदकिशोर, घरात नंदू. सोळा वर्षांपूर्वी तो पुण्याहून एका आयटी कंपनीच्या कंत्राटावर इथे आला आणि मी चिबातल्या एका संस्थेत भाताच्या मुळांवर संशोधन करायला. त्याला पहिलं काम मिळालं ते तोक्योच्या कोतो भागातल्या 'कामोमे' बेसबॉल संघाची तिकीटविक्रीची सिस्टीम दुरुस्त करण्याचं. कामोमे म्हणजे समुद्रावरचा कुरव पक्षी. तो संघाच्या टोपीवर ऐटीत पंख पसरून असतो, पण तेव्हा संघ मात्र दरवर्षी तळाला बसलेला असायचा. नंदूला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. संघाच्या ऑफिसातली माणसं सभ्य, ती त्याला म्हणाली, "नंदू-सान, आधी एक हंगाम स्टँडमध्ये बसून सामने बघा, मग प्रोग्रॅम लिहा." आमचा नंदू सांगकाम्या. घरच्या मैदानावरचे एकूण एक सामने बसून पाहिले, पावसातले सुद्धा, आणि शेवटी कुणी न मागता दोन पानांचं टिपण लिहून दिलं. तिकिटांवर नव्हे. आपला संघ डावखुरे गोलंदाज फार लवकर सोडून देतो, यावर.

इथल्या ऑफिसात कुणी न विचारता मत देणं म्हणजे धाडसच. ते टिपण फिरत फिरत ओगुरा-सानच्या टेबलावर गेलं. ओगुरा-सान म्हणजे संघाचे मुख्य स्काउट. गावोगावच्या शाळांच्या मैदानांवर जाऊन मुलं हेरायची हे त्यांचं काम, आणि हेरलेलं सगळं ते पेन्सिलीनं वहीत लिहायचे. त्यांनी नंदूला बोलावून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "डावरेच कसे दिसले तुम्हाला?"

"मी स्वतः डावरा आहे," नंदू म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "म्हणजे, होतो."

याला कारण आमच्या सासूबाई. आई पुण्यात प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, आणि त्यांच्या वर्गातल्या मुलांचं अक्षर बघून इन्स्पेक्टरसुद्धा खूश व्हायचे. त्यांनी नंदूला कधी मारलं नाही, ओरडल्याही नाहीत. त्यानं डाव्या हातात पेन्सिल धरली की त्या न बोलता ती काढून उजव्या हातात द्यायच्या. चमचा, प्रसाद, बॅट, सगळ्याचं तेच. दिवसातून वीस वेळा म्हटलं तरी दहा वर्षांचा हिशेब करा. नंदूचं अक्षर सुरेख झालं, पण गल्लीत त्याला कुणी टीममध्ये घेईना, कारण उजव्या हातानं त्याची बॅट चेंडूला लागायचीच नाही. आईंची ही सवय अजून गेलेली नाही. या वर्षी दिवाळीसाठी आमच्याकडे उरायासुला आल्या, आणि पहिल्याच जेवणात नंदूनं डाव्या हातानं वाटी पुढे केली, तर ती काढून त्याच्या उजव्या हातात दिली. एका संघाच्या जनरल मॅनेजरच्या! आमची ओवी खो खो हसली. मला मात्र राग आला आणि मी तो वरणाबरोबर गिळला.

तर ओगुरा-साननी नंदूला पंखाखाली घेतलं. आधी मॅस्कॉटचे जुने पोशाख ठेवायच्या खोलीत त्याला एक टेबल मिळालं, तिथे आकडेमोड सुरू झाली. मग सुट्टीच्या दिवशी स्काउटिंगचे दौरे. पहाटेची ट्रेन, कोनबिनीतून, म्हणजे रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानातून, घेतलेले भाताचे त्रिकोणी गोळे, त्यात मासा नाही ना याची ओगुरा-साननी चष्मा लावून केलेली खात्री, आणि शाळेच्या मैदानाच्या जाळीमागे तासन् तास उभं राहणं. नंदू लॅपटॉप उघडायचा, ओगुरा-सान वही. दोघांचं जमायचं नाही आणि एकमेकांवाचून चालायचंही नाही. असं करत करत नंदू आधी विश्लेषक झाला, मग खेळाडू निवडीच्या विभागाचा उपप्रमुख, प्रमुख, आणि तीन वर्षांपूर्वी जनरल मॅनेजर. त्या दिवशी एका क्रीडा दैनिकानं पहिल्या पानावर त्याच्या मिशांचा फोटो छापला होता. मला भात समजतो त्यापेक्षा त्याला आता बेसबॉल जास्त समजतो, असं मी सगळ्यांना सांगते. माझा नंदू मला फार आवडतो, हे मात्र त्याला कमी वेळा सांगते.

या वर्षी ओगुरा-सान निवृत्त होणार होते. म्हणजे ऑक्टोबरचा ड्राफ्ट हा त्यांचा शेवटचा.

ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंची निवड. तोक्योतल्या एका हॉटेलात सगळे संघ गोल टेबलांभोवती बसतात आणि आपल्या पहिल्या पसंतीचं नाव देतात. एकच नाव अनेक संघांनी दिलं, तर भांडण नाही, बोली नाही. मंचावर एक पेटी ठेवतात, प्रत्येक संघाचा एक माणूस जाऊन चिठ्ठीचं पाकीट उचलतो, सगळे एकदम उघडतात, आणि ज्याच्या चिठ्ठीवर शिक्का असेल त्याचा खेळाडू. देशभर टीव्हीवर हे लाइव्ह दाखवतात. कामोमेंनी गेल्या अकरा वर्षांत नऊ वेळा चिठ्ठी उचलली होती आणि नऊही वेळा कोरी. अध्यक्षांनी उचलून पाहिली, प्रशिक्षकांनी उचलून पाहिली. एका वर्षी तर अध्यक्ष शुभ म्हणून लाल चड्डी घालून गेले होते, असं ओगुरा-सान अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगतात.

ओगुरा-सानचा जीव अडकला होता किताझावा नावाच्या मुलात. उत्तरेकडच्या एका कोळी गावातला डावखुरा गोलंदाज. तो बारा वर्षांचा असल्यापासून सहा वर्षं ते त्याच्या मागावर होते. आता तो अठराचा झाला होता, आणि आणखी पाच संघांना तो हवा होता. नंदूचे आकडे म्हणत होते की एक चांगला कॅचर, म्हणजे त्यांचा यष्टिरक्षक, आहे, पहिल्या पसंतीत त्याचं नाव दुसरं कुणी देणार नाही, तोच घ्या. किताझावासाठी गेलो तर सहात एक संधी, आणि चिठ्ठी कोरी निघाली तर तोवर यष्टिरक्षकही हातचा जाणार. बैठकीत अध्यक्षांनी ओगुरा-सानना त्यांचं मत विचारलं. ते म्हणाले, "मी आता जाणारा माणूस. राहणाऱ्यांनी ठरवावं." आणि आपली वही त्यांनी नंदूपुढे सरकवली.

ती वही नंदू घरी घेऊन आला. रविवारी सकाळी आम्ही दुधाचे रिकामे खोके कापून, धुऊन, कचऱ्यासाठी वाळत घालत होतो. इथे कचरासुद्धा आंघोळ घालून द्यावा लागतो. नंदूनं ओल्या हातानंच वही उघडून माझ्यापुढे धरली. सहा वर्षांपूर्वीचं पान होतं.

"वाच ना."

"तुझ्या ओगुरा-सानचं अक्षर मला लागत नाही. तूच वाच."

त्यानं वाचलं: "जेवताना चॉपस्टिक्स उजव्या हातात. आजीनं लावलेली सवय. चेंडू हातात आला की आपोआप डावा. हात मोकळा झाल्यावर मुलगा हसतो."

नंदू खोका उगाचच पुन्हा धूत राहिला.

"अनु, सहात एक म्हणजे काही फार वाईट नाही," थोड्या वेळानं तो म्हणाला.

"साडेसोळा टक्के," मी म्हटलं.

"सोळा पूर्णांक सात दशांश."

म्हणजे ठरलं होतं, किताझावाच. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष त्याला म्हणाले, निर्णय ज्याचा, चिठ्ठीही त्यानंच उचलायची. चिठ्ठी कोरी निघाली, तर ओगुरा-सानची सहा वर्षं पाण्यात जाणार होती, आणि ती घालवणारा हात नंदूचा असणार होता. त्या आठवड्यात तो धड जेवला नाही. आकड्यांचा एवढा मोठा पंडित, पण आंघोळ करताना मोठमोठ्यानं अथर्वशीर्ष म्हणायला लागला.

ड्राफ्टच्या दिवशी निघताना आईंनी त्याला थांबवलं. पुण्याहून येताना त्यांनी देवघरातली पूजेची सुपारी, गणपती म्हणून पूजतात ती, रुमालात बांधून आणली होती. ती त्याच्या तळहातावर ठेवली आणि बोटं मिटवली.

"उजव्या मुठीत घट्ट धर. निकाल लागेपर्यंत अजिबात सोडायची नाही. कळलं?"

"हो आई."

"घट्ट."

"हो गं."

मी डॉक्टरेट केलेली बाई तिथेच उभी होते. आकड्यांचा पंडित समोरच होता. यात घोळ काय आहे, ते आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

संध्याकाळी पाचला आम्ही तिघी टीव्हीसमोर. म्हणजे मी आणि ओवी समोर, आणि आई मागे शेगडीपाशी लाडवांचं बेसन भाजत होत्या. आमचं स्वयंपाकघर आणि हॉल एकच, त्यामुळे कालथ्याचा आवाज आणि निवेदकाचा आवाज बरोबरीनं चालू होता. ओवी चौदा वर्षांची, बेसबॉलवेडी, बापावर गेलेली. मी मराठीत विचारलं की ती जपानीत उत्तर देते, पण आजीशी मात्र मोडकंतोडकं का होईना, मराठीच बोलते.

एकेक संघ नाव देत गेला. किताझावा. किताझावा. तिसरा, चौथा, पाचवा, किताझावा. सहावे आम्ही.

"एवढे सहा-सहा संघ त्या एका पोराच्या मागे का गं लागलेत?" आईंनी विचारलं.

"आजी, तो लेफ्टी आहे ना. डावा. डावा खूप भारी असतो," ओवी म्हणाली. "सगळ्यांना डावा पाहिजे."

"डावरा आहे म्हणून?"

"हो."

कालथा थोडा मंदावला. "मग त्याच्या घरच्यांनी त्याला तसाच सोडला होता वाटतं."

मला गप्प बसता आलं असतं. पण मी इतकी वर्षं गिळलेलं वरण त्या क्षणी वर आलं. "नाही आई. त्याच्या आजीनं त्याला जेवायला उजवाच हात लावला. फक्त चेंडू त्याच्या डाव्या हातात राहू दिला."

कालथा थांबला. बोलून गेल्यावर मला वाईट वाटलं, पण तेवढ्यात सहाही जण मंचावर गेले आणि वाईट वाटायलाही वेळ उरला नाही.

नंदू रांगेत तिसरा होता. निळा सूट, टाय जराशी वाकडी, आणि उजवा हात कोटाच्या खिशात खुपसलेला. एवढ्या मोठ्या समारंभात खिशात हात घालून उभा राहणारा तो एकटाच होता. मला वाटलं, अरे, हात बाहेर काढ, लोक काय म्हणतील? पहिला गेला. दुसरा गेला. मग नंदू पेटीसमोर आला, वाकून नमस्कार केला, आणि खिशातला हात बाहेर काढला. मूठ गच्च मिटलेली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"आई! त्याच्या मुठीत सुपारी आहे!"

टीव्हीत नंदू स्वतःच्या मुठीकडे बघत होता. देशभरातले लोक नंदूकडे बघत होते. मला त्याचा चेहरा चांगला ओळखता येतो. दहावीच्या पेपरात प्रश्न अडल्यावर होत असेल तसा झाला होता. सोडली तर आईचा शब्द मोडतो. नाही सोडली तर पेटीत हात कुठला घालायचा? दोन सेकंद गेली असतील. मग त्यानं उजवी मूठ छातीशी धरली आणि डावा हात पेटीत घातला.

मी श्वास रोखला. चिठ्ठीसाठी नाही, मागून आईंचा आवाज येईल म्हणून.

"डावा घातला त्यानं," आई म्हणाल्या. त्या कधी शेगडी सोडून माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या, मला कळलंच नाही. मग हळूच म्हणाल्या, "असू दे. त्याचाच आहे तो हात."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला बेसन करपल्याचा वास हे कारण नव्हतं, तरी वास येत होता.

सहाही पाकिटं उचलून झाली. निवेदक म्हणाला, उघडा. पाचजणांनी दोन्ही हातांनी पाकिटं फोडली. पाकीट एका हातानं उघडत नाही, ही अक्कल आम्हाला आता आली होती. नंदूनं कोपरानं दाबून पाहिलं, छातीशी धरून पाहिलं. पहिला कोरा. दुसरा कोरा. चौथ्याचे खांदे पडले. पाचव्यानं मान हलवली. आणि आमचे हे, कामोमे संघाचे माननीय जनरल मॅनेजर, यांनी सगळ्या जपानसमोर पाकीट दातांत धरलं आणि टर्रकन फाडलं.

"पापाऽ!" ओवीनं तोंड झाकून घेतलं.

सहाव्यानंही चिठ्ठी बाहेर काढली होती. तो ती बघत होता, चेहऱ्यावर काहीच नाही. नंदूनं तोंडातला कपटा बाजूला केला, चिठ्ठी डाव्या हातानं झटकून उघडली आणि बघतच राहिला. इतका वेळ बघत राहिला की मी टीव्हीवर उशी फेकणार होते. मग त्यानं डावा हात वर केला. चिठ्ठीवर लालभडक शिक्का होता.

ओवी "यात्ताऽ!", म्हणजे 'जमलं!', असं किंचाळत सोफ्यावर उड्या मारायला लागली. मी आईंना मिठी मारली. अठरा वर्षांत मी सासूला मिठी मारल्याचं मला आठवत नाही, पण त्यांनीही मला घट्ट धरलं. कॅमेरा कामोमेंच्या टेबलाकडे वळला. तिथे सगळे उभे राहून ओरडत होते. एकटे ओगुरा-सान बसून होते. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, चष्मा काढला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

थोड्याच वेळात टीव्हीनं किताझावाची शाळा दाखवली. गणवेशातला उंच, लाजरा मुलगा. त्याला विचारलं, कसं वाटतंय? तो म्हणाला, "त्यांनी पाकीट दातांनी फाडलं. मला वाटलं, या संघाला खरंच भूक लागलीय." आणि तो हसला. ओगुरा-साननी वहीत लिहिलेलं ते हसणं हेच असणार.

दुसऱ्या दिवशी सगळ्या क्रीडा दैनिकांच्या पहिल्या पानावर दातांत पाकीट धरलेला नंदू होता. ओवीनं पाच अंक विकत आणले. दुपारी नंदू हॉटेलातून घरी आला, तो ओगुरा-सानना बरोबर घेऊनच. दारात बूट काढून ओगुरा-सान आईंसमोर इतके खाली वाकले की आई घाबरून मागे सरल्या. त्यांनी काहीतरी सांगितलं आणि ओवीकडे पाहिलं.

"ते म्हणतायत," ओवीनं शब्द जुळवत सांगितलं, "पंधरा वर्षं मी तुमच्या मुलाचा डावा हात बघतोय. खूप चांगला हात आहे. थँक यू."

आई लगबगीनं आत जाऊन लाडवांचं ताट घेऊन आल्या. एक घाणा करपलेला, दुसरा बरा. त्यांनी पाहुण्यांना बरा दिला. नंदूनं मूठ उघडून सुपारी त्यांना परत दिली. बिचारा निकालानंतरही ती सोडायची विसरला होता की काय कोण जाणे, तळहातावर तिचा गोल वळ उठला होता. मग लाडवासाठी त्यानं पन्नास वर्षांच्या सवयीनं तोच उजवा हात पुढे केला.

आईंनी तो हात हलकेच बाजूला सारला. काही न बोलता नंदूचा डावा हात धरला, सरळ केला, आणि लाडू त्यावर ठेवला.

नंदू लाडू घेऊन तसाच उभा राहिला. "खा की," आई म्हणाल्या, "थोडा करपलाय, पण खा."